थोरलीची कडी

३ जुलै
ह्यांच्या जुन्या हवाई तळावरून एका साहेबांचा फोन. ह्यांचं विमान भंगारात काढलं, तोडणं सुरू आहे. "वयोमर्यादा संपली, मॅडम." म्हटलं, माझीही संपलीय, मलाही कापणार का? त्यांनी फोन ठेवला.
ते जेट मालवाहू, आणि हे त्याचे लोडमास्टर. पोटात काय, कुठे बांधायचं, ते ह्यांच्या शब्दावर. तळावर सगळे त्या विमानाला थोरली म्हणत. मी लग्नाची असून धाकटी.
ह्यांना सांगितलेलं नाही.

५ जुलै
माझं नाव विसरून महिने झाले, तोल विसरत नाहीत. आज पुन्हा घरच विमान समजून तांदळाचा डबा ओढत दाराशी. "शेपूट जड झालंय." मग तोच प्रश्न, थोरली कुठाय?
"ओव्हरहॉलला."
कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टर्सनी खोटं बोलायला शिकवलं नव्हतं. आपोआप जमतं.

९ जुलै
दुपारी स्वतःशीच पुटपुटत होते. लेहला भाजी, मेंढ्या. भूकंपात ब्लँकेटं. येताना पेट्या... पेट्यांपाशी नेहमी थांबतात. शहीद जवानांच्या. एकदा म्हणाले होते, त्या बांधायला हात वळत नाहीत.
साऱ्या देशाला थोरली धावली. आमचं महाड पुरात बुडालं तेव्हा हे गच्चीवरून आभाळात तिला शोधत होते. म्हटलं, अहो, उतरेल कुठे, सावित्री नदीत?

१४ जुलै
शेजारचे याकूबभाई, ट्रान्सपोर्टवाले. त्यांचा ट्रक तेच भंगार भरायला गेला होता. हातात लोखंडी कडी, विमानाच्या फरशीतली, माल बांधायची. "भाईसाठी मागून आणली, भाभी. बाकी कायच नाय राह्यला."
अक्कल गहाण ठेवलीत का, म्हटलं. बिचारे चहा न घेता गेले. नको होतं बोलायला.
कडी पिठाच्या डब्यात खुपसली.

१५ जुलै
मूर्ख मी. ह्या घरात कुठलाही डबा हातात तोलल्याशिवाय राहतो का?
"वजन चुकलंय." कोपरापर्यंत हात पिठात. कडी वर आली. धोतराला पुसली, अंगठा फिरवला.
"फरशीतून काढली कोणी?"
"ओव्हरहॉलमध्ये."
माझ्याकडे वळले. "ओव्हरहॉलला कड्या काढत नाहीत, शालिनी."
नाव घेतलं. आजच घ्यायचं होतं.

१७ जुलै
केर काढताना बाईने तांदळाचा डबा मागच्या भिंतीला लावला. कालपासून तिथेच. हे बघतही नाहीत. कडी मुठीत, जेवताना डाव्या हातात.
शेवटी मीच डबा ओढत दाराशी नेला. कंबर धरली.
"अहो, बघा ना. तोल बरोबर आहे का?"
अजून कडीवरच अंगठा फिरवताहेत. मी दाराशीच बसलेय, डब्यावर.