तक्रार काउंटरवरचे माझे डोळे

२ जून
महिनाअखेर साहेब माझ्या एक्स्टेन्शनचं ठरवणार. रिटायर होऊनही वर्षभर मला ठेवून घेतलं, ते उगाच नाही. वॉशिंग मशीन आणि फ्रिज बनवणाऱ्या कंपनीचं तक्रार काउंटर म्हणजे रोजचा तोफखाना. तिथे माझ्यासारखी जिभेवर साखर लागते.
आजचंच उदाहरण. एक बाई आल्या. मशीनने बाथरूमभर पाणी केलेलं, बाह्या ओल्या, नाकावर राग. मी फक्त "बसा" म्हटलं. बाई माझ्याकडे बघत राहिल्या, मग हळूच म्हणाल्या की मेकॅनिक आठ दिवसांनी आला तरी चालेल. वर स्वतःच्या बाटलीतलं पाणी मला प्यायला दिलं. याला म्हणतात वाणी.
एकच गोष्ट खटकली. त्यांच्या छोट्या मुलीने जाता जाता विचारलं, आजोबा, तुम्हाला कुणी मारलं का?

२ जून, रात्री
आरशात नीट पाहिलं. डोळ्यांखाली दोन पिशव्या लोंबताहेत. एकेकीत मूठभर शेंगदाणे सहज मावतील. माझ्या वाणीला हा चेहरा शोभत नाही. साहेबांनी अजून एक्स्टेन्शनचा विषय काढला नाही, तो यामुळेच.

३ जून
संकल्प. मीठ बंद. भरपूर पाणी. दहाला झोप. फ्रिजमधले गार चमचे रोज सकाळी डोळ्यांवर.

५ जून
चमचे आमच्या हिने फ्रिजमधून काढून घासले आणि मांडणीला लावले. विचारलं तर म्हणाली, चमचे फ्रिजमध्ये ठेवायला डोकं फिरलंय का? पाणी भरपूर प्यालो, त्यामुळे रात्री चार वेळा उठलो, त्यामुळे झोप गेली. ऑफिसात कुणाचातरी वाढदिवस होता. खारे दाणे खाल्ले, पण मीठ म्हणून नाही, दाणे म्हणून.
स्पेअर पार्ट्सच्या खोलीत बसणाऱ्याला समजावलं. त्याला सगळे 'जुळेवाला' म्हणतात, चार महिन्यांची जुळी आहेत घरी. डोळ्यांखाली डांबर फासल्यासारखं काळं. म्हटलं, बाबा रे, असा चेहरा घेऊन कुणी पुढे जातं का? तो "हो काका" म्हणाला आणि पाइपच्या खोक्यावर डोकं टेकून झोपला.

७ जून
घरगुती उपाय हे कमकुवत मनाच्या माणसांसाठी. स्किन क्लिनिकमध्ये जाऊन आलो. डॉक्टरीणबाई तरुण. चेहरा इतका गुळगुळीत की मला बघून त्यांना आनंद झाला की दुःख, ते शेवटपर्यंत कळलं नाही. म्हणाल्या, पिशवीखाली खड्डा पडलाय, तो फिलरचं इंजेक्शन देऊन भरतात. पण तुमची कातडी सैल आहे, सूज राहू शकते, मी तुम्हाला नको असंच सांगेन, फारच हौस असेल तर अगदी थोडं. म्हणजे करता येतं. मी म्हटलं, बाई, हात आखडता घेऊ नका.
घरी फक्त डोळे तपासायला गेलो होतो असं सांगितलं. हिने क्लिनिकची पिशवी बघितली. म्हणाली, इतकी वर्षं हाच चेहरा बघतेय, कधी तक्रार केली का? खरंय. पण घरात काउंटरच नाही, करणार कुठे?

११ जून
झालं. बारीक नळीने कातडीखाली जेलसारखं काहीतरी सोडतात. मी हूं की चूं केलं नाही. नर्स म्हणाली, बाहेरचे पेशंट घाबरून उठायला लागले म्हणून दार लावून घ्यावं लागलं. कशाला घाबरले कोण जाणे.

१२ जून
डोळे दिसत नाहीत. म्हणजे मलाही आणि इतरांनाही. रजा टाकली. गांधीलमाशी चावली असं समजून हिने ती शोधायला सगळे पडदे झटकले. मग खरं सांगितलं. तिने शेजारणीला बोलवून आणलं आणि दोघी मिळून बघत बसल्या.

१६ जून
सूज बरीच उतरली. डोळ्यांखाली थोडी निळसर झाक आहे, गाल वर आलेत. तरुण दिसतो. पुरावा: बसमध्ये आज एकानेही उठून जागा दिली नाही. पूर्ण रस्ता उभा होतो. गुडघे सुजले, पण गुडघे काउंटरच्या खाली असतात.

१७ जून
ऑफिसात दिमाखात प्रवेश. जुळेवाल्याने माझ्या गालांकडे बघितलं. मग विचारलं, काका, दात काढलेत का? बिचाऱ्याला झोप नाही, त्याचं मनावर घेतलं नाही.
पहिलंच गिऱ्हाईक फ्रिजचं. मी "बसा" म्हटलं. तो बसला नाही. नासलेल्या दुधाची पिशवी काउंटरवर आपटून म्हणाला, आमच्या घरचं सगळं सडलंय आणि तुम्ही हसताय? मी हसत नव्हतो. आरशात पाहिलं. गाल वर आल्यामुळे मी गप्प बसलो तरी कुणाची तरी मजा बघतोय असं दिसतं. प्रसन्न व्यक्तिमत्त्व म्हणतात ते हेच.

१९ जून
आज चौघे ओरडले. एकाने मशीनचा तुंबलेला पाइप माझ्या टेबलावर रिकामा केला. दिवसेंदिवस माणसांतली माणुसकी आटत चालली आहे. उद्यापासून वाणीत आणखी गोडवा आणायचा.

२० जून
गोडवा आणला. एका गिऱ्हाइकाने माझी कॉलर धरली.

२३ जून
त्या दोन तारखेच्या बाई पुन्हा आल्या. मेकॅनिक अजून गेलेलाच नाही. इकडेतिकडे बघून मलाच विचारलं, इथे ते आजोबा बसायचे, ते कुठे गेले? गेले का बिचारे? मी छाती पुढे काढून म्हटलं, मीच तो.
बाईंनी नीट निरखून पाहिलं. मग सुरू झाल्या. त्या दिवशी जे जे पोटात गिळलं होतं, ते व्याजासकट बाहेर काढलं. छोटी मुलगी आईच्या मागे लपून रडत होती. म्हणत होती, मला आधीचे आजोबा हवेत.

२४ जून
साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. वाटलं, लोकांच्या उद्धटपणाबद्दल धीर देतील. त्यांनी दार लावलं आणि विचारलं, हे काय करून घेतलंत? मी म्हटलं, वाणीला साजेसा चेहरा.
साहेब म्हणाले, "काका, तुम्हाला बोलता कधीच येत नव्हतं. लोक तुमचा चेहरा बघून गप्प बसायचे. याच्यापेक्षा आपलं बरं चाललंय, असं वाटायचं त्यांना. म्हणून तर तुम्हाला तिथे बसवलं होतं."
साहेबांचा आज मूड नव्हता.

२५ जून
रात्रभर विचार केला. साहेबांचं म्हणणं मला पटलेलं नाही. पण वरिष्ठांचा मान राखला पाहिजे. फिलर विरघळवायचंही इंजेक्शन असतं म्हणे. उद्या सकाळीच जातो.

२८ जून
विरघळलं. पिशव्या परत आल्या, आणि मोकळ्या हाताने आल्या. कातडी आधीपेक्षा सैल. ही चहा घेऊन आली, माझ्याकडे पाहिलं आणि न मागता दुसरा कप ओतला. बसमध्ये दोघे एकदम उठले. म्हणजे काम फत्ते. आता तर मी दुप्पट दमलेला दिसतो. एक्स्टेन्शन दोन वर्षांचं मागणार.

३० जून
काउंटर जुळेवाल्याला दिलं.
साहेब म्हणाले, त्याला पंधरवड्यापासून तुमच्या जेवणाच्या सुट्टीत बसवून बघत होतो. एकही आवाज चढला नाही. एक म्हातारी तर त्याच्या डोक्यावरून हात फिरवून गेली. मी म्हटलं, माझा चेहरा आता पूर्वीसारखा आहे, उलट जास्तच आहे. साहेब म्हणाले, तुमचा भरवसा काय? पुन्हा बदलाल. त्याची पोरं अजून निदान दोन वर्षं झोपू देणार नाहीत.
निरोपाला मी भाषण केलं. वाणीबद्दलच बोललो. ऐकताना जुळेवाल्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. ती जांभई होती असं मागच्या रांगेतले म्हणतात.

२ जुलै
झाल्या प्रकाराला क्लिनिक जबाबदार आहे. असं भांडायचं की त्यांनी बोर्ड उतरवला पाहिजे. इतकी वर्षं समोरच्या बाजूने ऐकलंय, कुठला शब्द कुठे लागतो हे मला ठाऊक. सकाळी आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं. ही स्वयंपाकघरातून म्हणाली, शाबास, जा.

२ जुलै, दुपारी
क्लिनिकच्या तक्रार डेस्कवर एक बाई होत्या. डोळ्यांखाली ही काळी वर्तुळं. पापण्या सुजलेल्या. पुढ्यातला डबा उघडून ठेवलेला, आणि त्यातलं अन्न थंडगार. मी घसा साफ केला. त्यांनी मान वर करून पाहिलं.
माझं काही फार नव्हतंच तसं. म्हटलं, ताई, जाऊ द्या, आधी दोन घास खाऊन घ्या. माझी पाण्याची बाटली त्यांच्यापुढे सरकवली आणि परत आलो.
घरी येताच हिने विचारलं, काय म्हणाले क्लिनिकवाले?
म्हटलं, डेस्कवरच्या बाई "बसा" म्हणाल्या.