चाईल्ड लॉकाला घातलेलं गाऱ्हाणं

३ फेब्रुवारी, सोमवार
आंबोलीची थंडी सोडून तोंडवलीच्या उन्हात आले. घरमालकीण इनासियाबाय आज तीन महिन्यांसाठी गोव्याला गेली, लेकाकडे. तोवर घर आणि पाहुण्यांच्या दोन खोल्या माझ्या ताब्यात. रोज काय झालं ते ह्या वहीत लिही म्हणाली. लिहिते, पण माझी सातवीची मराठी. मध्येच मालवणी घुसली तर बायने हसू नये. न्हाणीत धुण्याचं मशीन आहे, पुढून गोल दाराचं. मी म्हटलं, आमचे हे अस्सेच होते, गोल तोंड, आणि पोट भरलं की घुरघुर. बाय क्रूस करत हसली. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली, अजून चेष्टेला कामी येतात.

शनिवारी माझी लेक संचिता पुण्याहून येणार, सात महिन्यांच्या प्राजक्ताला घेऊन. बाळंतपण सासरी झालं, नात मी नुसती फोनवर पाहिलीय. मांडी तयार ठेवलीय.

४ फेब्रुवारी, मंगळवार
चार चादरी मशीनमध्ये घातल्या आणि ते अडून बसलं. दार उघडेना, बटणं ऐकेनात. वर पोराच्या तोंडाचं चित्र, खाली कुलूप, बाजूला लाल दिवा. बायला फोन केला. ती म्हणाली, गो सुगंधा, तो चाईल्ड लॉक, पोरांनी हात घालू नये म्हणून. शेवटचं बटण तीन सेकंद दाबून धर. तीन काय, तीस मोजले. मी म्हटलं, बाय, तुझ्या मशीनीचो पोर हट्टी आसा, बापाशीर गेलो आसा.

५ फेब्रुवारी, बुधवार
मालवणातून जितेंद्र मेस्त्री आला. बटणं दाबली, खालची जाळी उघडून पाणी काढलं, मग प्लग काढून दहा मिनिटं थांबू म्हणाला. प्लग त्याच्या हातात आणि दिवा चालूच. मी विचारलं, मेस्त्री, करंट खंयसून येता, तुमच्या हातातसून? तो हसला नाही. बोर्ड गेला असेल म्हणाला आणि चहा न घेता निघाला.

दुपारी मला खोडी सुचली. आमच्याकडे काम अडलं की देवाला गाऱ्हाणं घालतात. एक म्हातारा बोलतो, बाकीचे व्हय म्हाराजा म्हणतात. बायका घालत नाहीत. मी पदर खोचला, मशीनसमोर हात जोडले. बा चाईल्ड लॉका म्हाराजा, चुकला-माकला पोटात घाल, ह्यो चार चादरी सोड. तुका पोर व्हया तर शनिवारी माझी नात येता, ती तुझ्या पदरात घालतंय रे म्हाराजा.

व्हय म्हणायला दुसरं कोण नाही, म्हणून मीच तोंड उघडलं.

माझ्या आधी कोणीतरी म्हणालं. बारीक आवाज, दाराच्या आतून. आणि दार टक करून उघडलं.

६ फेब्रुवारी, गुरुवार
चादरी कोरड्या. पोर उचलून घेतल्यावर अंथरूण असतं तशा ऊबदार, दुधाचा वास. धुणं संपायला किती वेळ ते दाखवणाऱ्या खिडकीत आकडा, २. प्लग काढलेलाच आहे.

संचिताला फोन करून येऊ नको म्हटलं. का विचारलं तर खरं ते सांगितलं. ती हसत सुटली. आये, गेल्या खेपेक म्हणालंस न्हाणयेत बिबट्यो शिरलो, आता मशीन. जावयाला ऐकवलं, तोही हसला. मी रडले तर म्हणाली, रडूची नक्कल बरी जमता तुका.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
आकडा १.

देवळात गाऱ्हाणं घालतो त्या महादूच्या पाया पडले. तो म्हणाला, दिलेलो शब्द फिरवूक येता, व्हय म्हणणारा माणूस व्हया. आला. न्हाणीच्या दारात उभा राहून बोलला, ह्या अडाणी बायलेन मस्करीत शब्द दिल्यान, तो माघारी घे रे म्हाराजा. मी तोंड उघडलं.

मशीन म्हणालं, नाय म्हाराजा.

गाऱ्हाण्याला नाय कोणी म्हणत नाही. महादूने जन्मात ऐकलं नव्हतं. चपला टाकून गेला.

संचिता गाडीत बसली. फोन उचलत नाही —

८ फेब्रुवारी, शनिवार
मालवणच्या स्टँडार जावन तिका परत धाडणार होतंय. दाखवूक वही काखेत घेतलंय. जाताना एकदा न्हाणयेत डोकावलंय, आणि माझ्यामागे न्हाणयेचा दार टक करून लागला. उघडना. फोन भायर रवलो.

आकडो ०.

पाईप उपटलो. पाणी नाय, दूध —

हात जोडलंय. म्हटलंय, मी पण कोणाचा तरी पोरच, माझ्या आयेचा, रुक्मिणीचा चेडू. नातीच्या बदली माका घे. तिका सोड.

व्हय म्हाराजा, मशीन म्हणाला.

बरा वाटला. देवाक हाक मारूक गेलंय, तर तोंडातसून आवाजच येना. ओरडतंय, काय नाय —

रिक्षा थांबली. प्राजू रडता. संचिता हाक मारता, आये, खंय आसस गो.

मशीनीतसून माझो आवाज. हडे आसंय गो बाय, न्हाणयेत. दमलंस काय. चेडवाक माझ्याकडे दी, तू चाय घे.

दार बडवतंय. संचिता हसता. म्हणता, बघ प्राजू, आजी कशी भियवता.

पान फाडून दाराखालसून सरकवतंय. संचिता, थट्टा नाय. दार उघडू नको. प्राजूक घेवन धाव. भुतूर बोलता ती मी न —