नऊ मास्क, दोन पास आणि दादांची सर्दी

तीर्थरूप दादांच्या सेवेशी,

धाकट्याचा तोंड बांधून, खिडकी उघडी ठेवून आणि दोन हात अंतर राखून केलेला साष्टांग नमस्कार. इकडची सर्व मंडळी ठीक आहेत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. प्रत्यक्षात इकडची सर्व मंडळी शिंकत आहेत. तुमचा ताप कालपासून उतरू लागल्याचं वहिनींनी फोनवर सांगितलं, तेव्हा मी शिलाई मशीनवर डोकं टेकून दोन मिनिटं नुसता बसून राहिलो. समोरच्या गिऱ्हाइकाला वाटलं, मला डुलकी लागली. मी त्याला तसंच वाटू दिलं.

वहिनींबरोबर पाठवलेली तुमची चिठ्ठी पोचली. छातीचं ऑपरेशन होऊन आठवडा न झालेला माणूस 'ही सर्दी मला कोणी आणून दिली त्याचा छडा लाव' असं इतक्या ठसठशीत अक्षरात लिहितो, यावरून तब्येतीला उतार पडल्याची माझी खात्रीच झाली. पण तुमचा राग रास्त आहे. टाके ओले असताना खोकला छातीत उतरला तर केलेलं सगळं पाण्यात जाईल, असं डॉक्टरांनी सगळ्यांच्या देखत बजावलं होतं. आणि तपासाचं काम माझ्याकडे दिलंत हे उत्तम केलंत. हॉस्पिटलपर्यंत येऊनही तुमच्या खोलीत पाऊल न टाकलेला मी एकटाच, तेव्हा माझ्यावर संशय घ्यायला जागाच नाही.

मुळापासून सांगतो. हॉस्पिटलच्या दारावर हातभर पाटी आहे: खोकल्यातापाची साथ आहे, मास्क लावा, हात धुवा, एका वेळी दोघांनीच आत जा, सर्दी-खोकला असेल तर घरी थांबा. ही पाटी वाचून आपल्या घराण्यात सगळ्यांना एकच विचार सुचला, की ही बाकीच्या लोकांसाठी असणार. शिवाय आजाऱ्याला भेटायला गेलं नाही तर तो बरा झाल्यावर वीस वर्षं ऐकवतो (तुम्ही काकांना अजून ऐकवता). म्हणून ऑपरेशनच्या आधीच्या रविवारी सगळे माझ्या दुकानात जमले. घरात शिंपी असताना बाजारातले मास्क कशाला, असं मीच म्हटलं होतं. उरलेल्या निळ्या चौकडीच्या कापडातून नऊ मास्क बेतले. नुसते बेतले नाहीत, एकेकाला समोर स्टुलावर बसवून मापं घेतली: नाकाच्या शेंड्यापासून हनुवटीखालपर्यंत, या कानापासून त्या कानापर्यंत. तोंडावर कापड धरायचं, दातांत धरलेल्या टाचण्या एकेक काढून जागच्या जागी लावायच्या, असं तीन तास चाललं होतं. आत्याचं नाक डावीकडे झुकलेलं आहे हे इतक्या वर्षांत मला त्या दिवशी कळलं. आत कॉलरला घालतात तो बकरम घातला, म्हणजे मास्क कसा ताठ उभा राहतो. (श्वास कोंडतो अशी तक्रार नंतर आली. मी म्हटलं, हवा आत शिरत नाही तिथे रोग काय शिरणार?)

आता या नऊ एकसारख्या मास्कांचं पुढे काय झालं ते ऐका, कारण तुम्ही आत पडून होतात आणि तुम्हाला वाटत होतं की हॉस्पिटलवाल्यांनी तुमच्यासाठी नियम सैल केलेत. पास होते दोन. आत्या आणि जावईबापू आत जायचे, दहा मिनिटांनी मागच्या जिन्याने उतरून पास दुसऱ्या दोघांच्या हातात द्यायचे, की ते दोघं पुढच्या दाराने हजर. दारावरचा पहारेकरी बिचारा चष्म्याच्या वर निळी चौकडी बघायचा आणि मान हलवायचा. त्याच्या हिशेबी एकच जोडपं दिवसभर येरझाऱ्या घालत होतं. तिसऱ्या दिवशी तर त्याने जावईबापूंना कौतुकाने विचारलं म्हणे, 'सासऱ्यांवर फार जीव दिसतो तुमचा?' जावईबापूंची ती त्या दिवसातली पहिलीच फेरी होती. ज्या कापडाने तुमचं रक्षण व्हायचं, त्याच कापडाने दोनाऐवजी सात माणसं तुमच्या उशाशी नेऊन बसवली, हे मला कबूल करायला हवं. पण शिवणाऱ्याचा यात काय दोष? कात्री करणारा खिसे कापत नाही.

मी स्वतः मात्र नियमाने वागलो. पहिल्या दिवशी मोठ्या सिस्टरने मला दारातच विचारलं, 'खोकला आहे का?' मी म्हटलं, 'खोकला नाही, धंद्याची धूळ आहे, कापडाची.' एवढं वाक्य पुरं करताना धूळ तीन वेळा वर आली. तिने बाहेरच्या बाकाकडे बोट केलं. ते पाच दिवस मी त्या बाकावर काढले, दादा. तुमची खिडकी मागच्या बाजूला आहे हे मला चौथ्या दिवशी समजलं. तोवर मी रोज ज्या खिडकीकडे बघून हात हलवत होतो ती कपडे धुण्याची खोली होती. तिथली बाई शेवटी शेवटी मलाही हात हलवायला लागली होती.

तर संशयितांचं म्हणाल तर आत जाणारा प्रत्येक जण आहे. आत्याने दारातली हात धुवायची बाटली हातांऐवजी आपल्या पिशवीतल्या लहान बाटलीत ओतून घेतली आणि ज्या रुमालाने नाक पुसलं त्याच रुमालाने मायेने तुमचं कपाळ पुसलं. जावईबापूंना मास्कमधून बोललेलं पोचत नाही असं वाटतं, म्हणून ते गप्प असताना मास्क वर ओढतात आणि बोलताना खाली. आणि चष्म्याच्या दुकानात काम करतो म्हणून आपण ज्याला अर्धा डॉक्टर म्हणतो त्या मावसभावाने तुमच्या बोटाला लावलेला प्राणवायू मोजायचा चिमटा काढून आपल्या बोटाला लावला, मग सगळ्यांच्या बोटांना लावून प्रत्येकाचा आकडा मोठ्याने वाचला. सर्वांत जास्त आकडा आत्याचा आला, त्याचा तिला अजून अभिमान आहे. माझा निकाल असा, की सर्दी आत्याने आणली, जावईबापूंनी पसरवली आणि अर्ध्या डॉक्टरने तुमच्या बोटापर्यंत पोचवली. तिघांनाही तुम्ही योग्य ते ऐकवावं.

काळजी घ्या, कोमट पाणी प्या, आणि बरं वाटलं तरी लगेच रागावू नका, टाक्यांवर ताण येतो.

तुमचा आज्ञेत राहणारा, निर्दोष,
धाकटा

ता. क. पत्र पाकिटात घालण्याआधी या धुळीसाठी कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. त्यांनी छाती तपासली आणि विचारलं, खोकला कधीपासून? मी म्हटलं, मोठ्या भावाच्या ऑपरेशनच्या आधीच्या शनिवारपासून. ते म्हणाले, मग घरात आणखी किती जणांना? मी मोजायला लागलो आणि माझी बोटं थांबली. मास्क नऊ जणांना शिवले होते, त्यातले दोघं तर हॉस्पिटलकडे फिरकलेच नाहीत. ते दोघंही अंथरुणात आहेत. दातांत टाचण्या धरायच्या म्हणून त्या रविवारी तीन तास माझ्या तोंडावर काहीच नव्हतं, दादा, आणि प्रत्येकाचं नाक माझ्या नाकापासून वीतभर. वरचा निकाल खोडायला घेतला होता, पण एवढं सुवाच्य लिहिलेलं खोडवेना. आत्याला काही बोलू नका. बोलायचं ते मला बोला. मला फार वाईट वाटतंय.

आणखी ता. क. वहिनी सांगत होत्या की दोन दिवस ताप आला नाही तर सोमवारपासून त्यांच्याशिवाय एकाच माणसाला आत सोडणार, आणि ते नाव तुम्ही स्वतः लिहून द्यायचं. एकदा लिहिलं की बदलता येत नाही. सगळे आपापलं नाव पुढे करतील. दादा, माझं लिहा. खोकला पुरता जाईपर्यंत तुमच्या दाराशी फिरकायचं नाही असं डॉक्टरांनी मला निक्षून सांगितलंय, तेव्हा मी सोमवारी येणार नाही, मंगळवारीही नाही, कदाचित तुम्ही घरी येईपर्यंत येणारच नाही. म्हणूनच माझं लिहा. तेवढे दिवस दुसरं कुणीच आत येऊ शकणार नाही.