डुकरमाशाचा श्वास

१४ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न.

आम्ही दोघे सुखरूप आहोत, हे आधी सांगतो. आता पुढचं बसून वाच.

काल परतताना खाडीच्या तोंडाशी दाट धुकं उतरलं. आपल्या होडीची रीत तुला ठाऊक आहे. इंजिन बंद करायचं, चकार शब्द काढायचा नाही आणि डुकरमाशाचा श्वास ऐकायचा. तो खोल पाण्यात चरतो, म्हणून आवाजाकडे वळलं की खडक चुकतात. पुढच्या टोकाला, नाळेवर बसून नाना दिशा सांगतात, मागे मी सुकाणू फिरवतो.

मला फुरफुर डावीकडून स्पष्ट ऐकू आली. नाना उजवीकडे म्हणून ओरडले. नाना चुकतील असं मनातही आलं नाही. वाटलं, माझेच कान फिरले. वळलो, आणि खडक होडीचं बूड खरवडून गेला. नाना म्हणतात, मासाच लबाड.

ताई, त्यांना ऐकूच येत नाही गं. सांगायचं कोणी?

माया असू दे.
तुझा धाकटा

१९ जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. परवाच वर्गात सांगत होते, की पॉरपॉइज या परदेशी नावाचा मूळ अर्थही डुकरमासाच. पोरं खो खो हसली. आपल्याकडे त्याच्या डुकरासारख्या फुरफुरण्यावरून नाव पडलं, असं नाना सांगायचे. मी त्यांच्यासारखं फुरफुरूनही दाखवलं. आणि त्याच आवाजाला नाना मुकले?

तू बोलू नकोस. हट्टाला पेटले तर एकटेच होडी काढतील. मीच त्यांना लिहिते, लाडकी लेक आहे ना! तोवर धुकं दिसलं की ताप आला म्हणून लोळत राहा. शाळा बुडवताना झकास जमायचं तुला.

जिवाला जप, एवढंच मागणं.
ताई

२५ जानेवारी

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. चहाडी कोणी केली तेही कळलं.

कान जाऊन दोन हिवाळे झाले. तरी होडी घरी आणतच होतो ना? मासा फुरफुरला की धाकट्याची मान आपसूक तिकडे वळते. त्याचं त्यालाही माहीत नाही. मी त्याच्याकडे तोंड करून बसायचो आणि तो बघेल तिकडे चल म्हणायचो. त्या दिवशी धुक्यात पोराचं तोंडच दिसेना. काहीतरी ओरडायला हवं म्हणून ओरडलो. जन्मात इतका भ्यालो नव्हतो, पोरी.

हे त्याला कळवू नकोस. कळलं तर तो मान आवरून धरेल, आणि उद्या आम्हाला परत दर्यावर जायचं आहे.

रागावलीस तरी लोभ सोडू नकोस.
नाना