गार चिपवाल्यांचे शेवटचे दिवस

३ मार्च, सोमवार

संपलं! टीव्ही कंपनीचा नकार आला.

भाऊजी खोलीतून बाहेर आले, चष्मा कपाळावर. आम्हा दहा जणांकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, "मंडळी, कंपनी बंद करावी लागणार. आता चहा कोण टाकतंय?" कुणी हललं नाही. मग तेच गेले टाकायला. साखर विसरले. सगळ्यांनी मुकाट्यानं प्यायला.

बारा वर्षं! ॲम्प्लिफायरची चिप तापते, म्हणून जो तो तिच्या पाठीवर ॲल्युमिनियमचा ठोकळा बसवतो. आमची तापतच नाही. गिऱ्हाईक आलं की भाऊजी आवाज पूर्ण सोडायचे, चिपवर चॉकलेटचा तुकडा ठेवायचे आणि दहा मिनिटांनी तोच तुकडा समोरच्या साहेबाला खायला द्यायचे. कडक! साहेब खूश. कल्पना भाऊजींची, आतला आराखडा माझा. नखाहून लहान जागेत दोन वर्षं रेघा ओढल्या आहेत मी.

आणि आता एका बड्या कंपनीनं गार चिप काढली. आम्ही त्यांना नुसतं 'तिकडचे' म्हणतो. आमची ही नवी चिप आल्यावर दीड वर्षानं, आमच्याहून निम्म्या किमतीत. टीव्हीवाले तिकडे गेले.

४ मार्च, मंगळवार

ताईला सांगायची भाऊजींची हिंमत होईना. बायकोला घाबरतात! शेवटी मी सांगितलं. कंपनीचे हिशेब तीच बघते, पण काल रजेवर होती. म्हणाली, "माहितेय गं. काल घरी येऊन आपणहून भांडी घासली त्यांनी. तेव्हाच म्हटलं, गेली कंपनी."

७ मार्च, शुक्रवार

वकील येऊन गेले. ताईनंच बोलावलं होतं. ती भलतीच पेटली आहे — "चोर आहेत तिकडचे!" वकील शांत माणूस. म्हणाले, "बाई, दोघांना एकच गोष्ट सुचू शकते. नक्कल केली म्हणता, तर नक्कल दाखवा."

सोल्डरमावशी पटकन म्हणाल्या, "मग त्यांची चिप फोडून बघू या की! सूक्ष्मदर्शक काय शोभेला ठेवलाय?" मावशी पहिल्या दिवसापासून इथं सोल्डरिंग करतात. भाऊजींसमोर असं बोलायची मुभा फक्त त्यांना.

भाऊजी नाहीच म्हणाले. "दुसऱ्याच्या घरात खिडकीतून डोकवायचं नाही. हरलो तर हरलो."

ताईनं कपाळाला हात लावला. मीही हळहळल्यासारखं केलं. पण खरं लिहायचं तर — मला हायसं वाटलं! आत माझ्यापेक्षा देखणा आराखडा निघाला असता तर? माझी दोन वर्षं आणि कुणीतरी ते सहा महिन्यांत, अर्ध्या जागेत केलेलं! नको रे बाबा.

१२ मार्च, बुधवार

जेवणाच्या सुट्टीत भाऊजी म्हणाले, "चल." टीव्हीच्या दुकानात गेलो. तिकडच्यांची चिप असलेला टीव्ही चालू होता. दोघं पडद्याकडे पाठ करून, डोळे मिटून उभे. दुकानदार गोंधळला. "साहेब, चित्र या बाजूला आहे."

बराच वेळ ऐकलं. फरक कळेना. मला नाही, त्यांनाही नाही.

परत येताना भाऊजी रस्त्यात थांबले. बुटाची नाडी बांधायला वाकले — नाडी सुटलेलीच नव्हती. म्हणाले, "बारा वर्षं मला वाटत होतं, हे फक्त आपल्यालाच जमतं. तुला वाटायचं का?"

"हो."

"मग दोघंही येडे."

आणि हसले. मीही हसले. पण घरी आल्यावर भाजी चिरताना रडू आलं. नवऱ्यानं विचारलं, "काय झालं?" म्हटलं, कांदा. तो म्हणाला, "भेंडी आहे ती."

१४ मार्च, शुक्रवार

आज भंगारवाला आला. उरलेल्या चिपा किलोवर घेतो म्हणाला. मावशी त्याच्यासमोर सोल्डरिंगची तापलेली सळई रोखून उभ्या राहिल्या. "किलोवर? माझ्या हातून गेलेला माल किलोवर?" तो जिना उतरला तो परत वर आलाच नाही.

मग मावशींनीच सुचवलं — ज्यानं त्यानं आपल्या हातानं एकेक ॲम्प्लिफायर बांधायचा आणि घरी न्यायचा. झाडूवाल्या काकांनीसुद्धा. भाऊजी एकदम खुलले! बऱ्याच दिवसांनी शिट्टी वाजवत फिरत होते.

२० मार्च, गुरुवार

काकांचा ॲम्प्लिफायर पहिल्या फटक्यात वाजला. माझा नाही! तारा उलट्या जोडल्या होत्या. सगळ्या इमारतीला कळलंय.

२८ मार्च, शुक्रवार

काय दिवस होता!

यंत्रं विकली गेली, टेबलं गेली. सूक्ष्मदर्शक तंत्रशाळेला गेला — आणि त्याच्यापाठोपाठ मीही चालले. शिकवायला! मुख्याध्यापक म्हणाले, "यंत्र आलंय, पण चालवणारं कुणी नाही." म्हटलं, यंत्राबरोबर आम्ही येतो.

रिकाम्या हॉलमध्ये बारा ॲम्प्लिफायर ओळीत मांडले. वाजवायचं काय? आमची चाचणीची ध्वनिफीत — मावशींचं हसणं! फार वर्षांपूर्वी भाऊजींनी चोरून रेकॉर्ड केलेलं. त्यात खर्जापासून शिट्टीपर्यंत सगळे आवाज आहेत, म्हणून प्रत्येक चिप त्याच्यावरच तपासली आम्ही. आज बारा ठिकाणांहून एकदम, पूर्ण आवाजात! खिडक्या थरथरल्या. वरच्या मजल्यावरचा दातांच्या कवळ्या करणारा तणतणत खाली आला. दारात उभा राहिला, ओठ आवळले, आणि त्यालाही हसू फुटलं. मग सगळेच. खऱ्या मावशी डोळे पुसत खुर्चीत बसलेल्या, आणि समोर बारा मावशी हसतायत.

भाऊजी एका चिपवर बोट ठेवून उभे होते. "अजून गार आहे," म्हणाले. माझ्याकडे बघून नाही, तिच्याकडे बघून.

३१ मार्च, सोमवार

ताईनं कुलूप लावलं, किल्ली घरमालकाला दिली. जिना उतरल्यावर तिला आठवलं — पर्स आत!

९ एप्रिल, बुधवार

तंत्रशाळेत पहिला आठवडा. घसा बसला. पोरं-पोरी चुणचुणीत आहेत. मला 'चिपबाई' म्हणतात. चालेल!

१ जुलै, मंगळवार

ताईचा फोन. भाऊजी घरी बसून तिचा जीव खातायत. दाराच्या घंटीला ॲम्प्लिफायर जोडला. परवा पोस्टमननं बटण दाबलं आणि सायकलसकट पडला. "त्यांना काहीतरी काम दे गं कुठेतरी!" बोलता बोलता आवाज खाली आणला. "दिवसभर विनोद करतात. पण कागद-पेन्सिल हातात घेत नाहीत."

१७ जुलै, गुरुवार

आज तास होता — चिपच्या आत काय असतं. फोडायला एक जळका टीव्ही आणला होता दुरुस्तीवाल्याकडून. चिप तिकडच्यांचीच निघाली. क्षणभर वाटलं, दुसरी घ्यावी. पण वर्ग वाट बघत होता. आम्लात घालून कवच काढलं, भिंगाखाली धरली.

आराखडा पूर्ण झाला त्या दिवशी मी एका कोपऱ्यात, धातूच्या थरात, एक मुंगी काढली होती. उगीच, मजा म्हणून. भाऊजींना बोलले नव्हते. इथंही लिहिलं नव्हतं. घाईत तिचा सहावा पाय राहून गेला होता.

तिकडच्यांच्या चिपमध्ये मुंगी आहे.

पाय मोजले. पुन्हा मोजले. एका पोरीला मोजायला लावले. पाच!

ताईला फोन केला. म्हटलं, भाऊजींना बूट घालायला सांग, मी न्यायला येतेय. वकिलांकडे जायचंय.