एका हाताने नमस्कार होत नाही

बडोदे,
२८ ऑक्टोबर १९९९

तीर्थरूप लक्ष्मीकांतमामांस,

कौमुदीचा पायांवर डोके ठेवून नमस्कार. गणपतीत आलेल्या तुमच्या पत्राला अजून उत्तर दिले नाही, याची आधी माफी मागते. कारणे लिहून पाहिली आणि खोडली, कारण तुम्ही आयुष्यभर न्यायाधीशाच्या खुर्चीत बसून लोकांची कारणेच ऐकलीत, आणि माझी त्यांच्यापेक्षा चांगली नव्हती. तुमच्या डोळ्याचे ऑपरेशन नीट झाल्याचे कळले. कमलामामींचा गुडघा इंदूरच्या थंडीत कसा आहे? इकडे शुभंकर मजेत आहेत. मोहना कॉलेजात जाते. माझ्याशी मराठीत बोलते, मैत्रिणींशी गुजरातीत आणि चिडली की इंग्रजीत, त्यामुळे तिचा मूड भाषेवरूनच कळतो. मी बरी आहे. निदान दसऱ्यापर्यंत होते.

आता दसऱ्याचे सांगते. जरा लांबेल, मामी पोथी वाचतात त्या वेळात वाचा.

आमच्या मकरपुऱ्याच्या बरण्यांच्या कारखान्यात श्रावणात एक रोबो आला. सिनेमातल्यासारखा माणसाच्या आकाराचा नव्हे. नुसता एक हात, खांद्यापासून पंजापर्यंत, आणि पंजाला रबर लावलेली दोन बोटे. पट्ट्यावरून येणारी लोणच्याची रिकामी बरणी मानेला धरायची, वळायचे, खोक्यात ठेवायची. खोके भरले की पुढचे यंत्र ते बंद करते, वर चिकटपट्टी मारते आणि ट्रककडे ढकलते. कामगारांनी त्याचे नाव ‘जमाई’ ठेवले आहे, कारण कारखान्यात बाकी सगळे घामाघूम असताना त्याच्या कंट्रोलच्या कपाटाला तेवढे एअरकंडिशनिंग आहे, आणि तो काम करत असला तरी चार माणसे कौतुकाने भोवती उभी असतात. (शुभंकर म्हणतात, खऱ्या जावयाला सासरी पंखासुद्धा मिळाला नव्हता. तुम्ही तेव्हा मांडवात होता, खरे-खोटे तुम्हीच ठरवा.) जमाई एका पिवळ्या पिंजऱ्यात राहतो. पिंजऱ्याचे दार उघडले की तो जागच्या जागी थिजतो, म्हणजे कोणाला लागू नये. दार उघडे असतानाही तो हलावा असे वाटल्यास एक किल्ली फिरवावी लागते. ती किल्ली सुरक्षा समितीच्या सचिवाकडे असते. सचिव म्हणजे मी. पर्सोनेल ऑफिसरकडे कारखान्यात अशी बिनकामाची पदे आपोआप जमतात. किल्ली मी घरच्या जुडग्यातच अडकवली होती, तुपाच्या कपाटाच्या किल्लीशेजारी. यावरून मी ती किती गंभीरपणे घेत होते ते कळेल.

दसऱ्याला आमच्याकडे यंत्रांची पूजा होते. मालक मनहरभाई उत्साही गृहस्थ. त्यांनी यंदा ठरवले की प्रमुख पाहुण्यांना हार घालायचा तो जमाईने. पाहुणे निजामपुऱ्याचे दत्ताजीराव. तुम्ही त्यांना ओळखता, शाळेत एका बाकावर होतात. आता ऐंशीला टेकले आहेत, पण पाठ अजून भिंतीसारखी सरळ. समारंभाला आले की आजोबांची दरबारातली पगडी घालतात. ती पगडी आता बांधून देणारा कोणी उरला नाही, म्हणून वर्षातून एकदाच कापडातून बाहेर निघते.

रोबो विकणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर मुद्दाम आला. आदल्या दिवशी रंगीत तालीम झाली आणि पाहुणे म्हणून खुर्चीत मला बसवले. (उंच माणसे कामात होती.) जमाईने हार उचलला, माझ्या गळ्यात अलगद घातला आणि कामगारांनी टाळ्या वाजवल्या. लग्नानंतर माझ्या गळ्यात पडलेला हा पहिला हार. घरी सांगितले तर शुभंकर म्हणाले, जावई बदलला असे मामांना कळवून टाक, अंतरपाट त्यांनीच धरला होता. असो. हार घातल्यावर मात्र जमाईने एक गोष्ट केली. पंजा थोडा वर नेला, माझ्या डोक्यावरच्या हवेत मिटला, वळला आणि ती हवा खोक्यात शेवटच्या बरणीच्या जागी ठेवली. खोके बंद झाले, चिकटपट्टी लागली, पुढे गेले. सगळे पोट धरून हसले, हवेची बरणी भरली म्हणून. इंजिनिअर म्हणाला, ही त्याची रोजची सवय, वेळ मिळाला तर काढून टाकतो. मीही हसले. मामा, मी त्या हसण्यावर गेले आठ-दहा दिवस विचार करते आहे.

दसऱ्याला मुहूर्त टळत होता. भटजी घड्याळ दाखवत होते. पिंजऱ्याचे दार उघडून खुर्ची आत ठेवली होती, आणि किल्ली फिरवल्याशिवाय जमाई हलणार नव्हता. मनहरभाईंनी हात पुढे केला. मी विचारले, ती सवय काढली का? ते म्हणाले, इंजिनिअरने पाहिले असेल ना. मी म्हटले, तुम्ही म्हणता तर. आणि तुपाच्या किल्लीसकट जुडगा दिला.

समरजितने बटण दाबले. हा आमचा जमाईचा ऑपरेटर, तरसालीत राहतो, घराणे जुन्या संस्थानच्या शिलेदारांचे. बटणसुद्धा तलवार उपसावी तसे दाबतो. हार गळ्यात पडला, अगदी हळुवार. पंजा वर गेला. माझ्या डोक्यावर जिथे हवा होती तिथे दत्ताजीरावांची पगडी होती. पुढचे तुम्हाला कळलेच असेल. पगडी मानेला धरून उचलली गेली नाही, कारण पगडीला मान नसते, पण बाकी सगळे बरणीसारखेच झाले: अलगद उचलली, वळून खोक्यात ठेवली, झाकण मिटले, चिकटपट्टी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कार्यक्रमाचा भाग समजले. दत्ताजीरावसुद्धा उघड्या टकलाने मंद हसत बसले होते, की आता ही पोरे काहीतरी सन्मानाने परत देतील. टाळ्या थांबेपर्यंत खोके ट्रकात होते. ट्रकला झेंडूची माळ घातलेली, मुहूर्तावर निघायचा म्हणून ड्रायव्हरने नारळ फोडला आणि तो सौराष्ट्राकडे निघून गेला. जमाईचे काम इतके नीटनेटके की कोणते खोके पगडीचे हे बाहेरून कोणालाही ओळखू येईना, आणि ती खोकी गावोगावच्या लोणचेवाल्यांकडे वाटली गेली. फोन केले तर ते म्हणतात, दिवाळी होईपर्यंत आम्ही माल उघडत नाही.

दत्ताजीरावांना कोणीतरी उपरणे दिले. ते डोक्याला न गुंडाळता त्यांनी घडी करून खुर्चीवर ठेवले, आणि उघड्या डोक्याने गाडीत जाऊन बसले.

आता खरी गोष्ट सुरू होते, कारण मनहरभाईंनी चौकशी नेमली आणि चौकशी अधिकारी नेमले मला. (सगळ्यात निःपक्षपाती कौमुदीबेन, असे ते सभेत म्हणाले, आणि माझी मान शरमेने खाली गेली ती विनयाने गेली असे सगळ्यांना वाटले.) मी एकेकाला बोलावले. इंजिनिअर म्हणाला, शेठ म्हणाले म्हणून शिकवले, आणि सवय काढायला कोणी सांगितलेच नाही. मनहरभाई म्हणाले, मी फक्त हार म्हटले होते, पगडीचे नाव कोणी काढले? समरजित म्हणाला, इंजिनिअरनी खूण केली म्हणून दाबले. भटजी म्हणाले, मुहूर्त मी नाही ठरवत. मामा, एकजात सगळे खरे बोलत होते. पंधरा माणसे गोल उभी राहून प्रत्येकाने शेजाऱ्याकडे बोट दाखवावे, आणि मधोमध जमाई. एकटा तोच कोणाकडे बोट दाखवत नाही, आणि तसे पाहिले तर कामाची बोटे त्यालाच आहेत.

त्यामुळे ‘यंत्राचा दोष’ असे लिहावे यावर लवकर एकमत झाले. कामगारांनी तर थट्टेने जमाईला मेमो चिकटवला आणि उत्तर न दिल्याबद्दल दुसरा. पण इंजिनिअरने कळवले की यंत्राचा दोष लिहिलात तर तपासणीसाठी यंत्र परत न्यावे लागेल, आणि ते कधी येईल सांगता येत नाही. दिवाळीच्या ऑर्डरी अंगावर असताना मनहरभाईंना हे ऐकवेना. मग त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून चहा पाजला आणि म्हणाले, बेन, ऑपरेटरचा दोष लिहा ने, यंत्राला काढता येत नाही, माणसाला येते. समरजित तेव्हापासून घरी बसला आहे. अहवाल शनिवारी द्यायचा आहे आणि त्यात काय लिहिले जाते यावर त्याची नोकरी आहे. त्याची बायको शिवांगी मला भाजीबाजारात भेटली आणि तिने माझ्या पिशवीतून पडत नसलेली कोथिंबीर नीट खोचून दिली. मला ते शिव्यांपेक्षा कठीण गेले.

मध्यंतरी मनहरभाईंनी निजामपुऱ्याला ड्रायव्हरबरोबर पेढे आणि लग्नाच्या कपड्यांच्या दुकानातली एक चकचकीत तयार पगडी पाठवली. पगडी परत आली. (पेढे नाही आले, नातवांनी आधीच खोका उघडला होता.) बरोबर निरोप आला, ड्रायव्हरने तो शब्दन् शब्द पाठ करून आणला: “ज्याने पगडी काढली त्याला डोके नाही, त्याच्यावर मी रागावू कसा? ज्याला डोके आहे असे कोणीतरी या.”

यावर सभा झाली. कोणी जावे? ज्याच्याकडे पाहावे तो छताकडे पाहू लागला. शेवटी मनहरभाईंना सुचले की जमाईलाच नमस्कार शिकवू आणि त्याची व्हिडिओ कॅसेट पाठवू. इंजिनिअर म्हणाला, हात एकच आहे, नमस्कार कसा होईल? तेव्हा, जबानीवर सही करायला म्हणून आलेला समरजित दाराशी उभा होता, तो अगदी गंभीरपणे म्हणाला, एका हाताने नमस्कार होत नाही, पण मुजरा होतो. मनहरभाई टेबलावर थाप मारून म्हणाले, लगेच शिकव. समरजित म्हणाला, “नाही शिकवणार शेठ. मुजऱ्याला कंबर लागते. आणि वाकताना लाज लागते.”

असे आहे. तुम्हाला विचारायचे ते हे, की चौकशी करणाराच थोडा आरोपी असेल तर कायदा काय म्हणतो? थोडा म्हणजे एका किल्लीपुरता. मी स्वतःला समजावते की बटण मी दाबले नाही, शिकवले मी नाही, हुकूम माझा नाही. पण मग समरजितने तरी याहून वेगळे काय सांगितले? किल्ली करणाऱ्यांनी ती माणसाकडे ठेवली ती एवढ्याचसाठी, की मुहूर्त टळत असताना कोणीतरी नाही म्हणावे. जमाईला नाही म्हणता येत नाही. मला येत होते. सवडीने उत्तर द्या. मामींना नमस्कार.

तुमची,
कौमुदी

ता. क. कायद्याचे मी उगाच विचारले. खरे काम वेगळेच आहे, पण ते पत्राच्या सुरुवातीला लिहायचा धीर झाला नाही. तुम्ही आणि दत्ताजीराव एका बाकावरचे. तुम्ही त्यांना दोन ओळी लिहाल का, की झाले ते चुकून झाले, कारखान्याची माणसे भली आहेत, कोणा गरिबाच्या पोटावर पाय येऊ नये? तुमचा शब्द ते मानतील, आणि मग मनहरभाईही समरजितला परत घेतील. माझे नाव घालायची गरज नाही.

दुसरा ता. क. वरचे शुभंकरना वाचून दाखवले. ते वर्तमानपत्रातून डोके न काढता म्हणाले, “म्हणजे हार घालायला रोबो आणि माफी मागायला मामा.” मी रागावून स्वयंपाकघरात गेले, तुपाचे कपाट उघडले, आणि जुडगा हातात तसाच राहिला. मामा, कृपा करून लिहू नका. लिहायला बसला असाल तर थांबा. अहवाल आत्ताच टाईप करायला काढला आहे. पहिले नाव माझे. दुसरे मनहरभाईंचे, तिसरे इंजिनिअरचे. समरजितबद्दल एवढेच, की त्याने खूण झाल्यावर बटण दाबले. मनहरभाई काय करतील माहीत नाही. माझ्या जागी दुसरी निःपक्षपाती बेन शोधतील बहुधा.

तिसरा ता. क. पाकीट चिकटवणार तोच मनहरभाईंचा फोन. भावनगरच्या लोणचेवाल्याने खोके उघडले आणि पगडी सापडली. त्याला वाटले आमची दिवाळीची भेटयोजना आहे, आणि तक्रार अशी की बाकीच्या एकाही खोक्यात पगडी कशी नाही. उद्या दुपारच्या ट्रकने येते आहे. मनहरभाई आनंदात होते. म्हणाले, आता चौकशीची गरजच नाही, आणि पगडी परत द्यायला आपण सगळेच जाऊ, फोटोवाला पण घेऊ. सभेत छताकडे पाहणारे सगळे यायला तयार आहेत म्हणे. मी विचारले, आणि समरजित? ते म्हणाले, ते नंतर बघू. मी म्हटले, अहवाल मी तरीही देते आहे. पगडी हातात असली की माफी मागायचे कोणाच्या लक्षात राहणार नाही, आणि दत्ताजीरावांनी पगडी मागितलेलीच नव्हती.

उद्याचे काम: ट्रक येण्याआधी, रिकाम्या हाताने, निजामपुऱ्याला जाणे.