रविवारचं धुणं

८ सप्टेंबर, रविवार
पुन्हा तेच नागरिकत्वाच्या परीक्षेचं पुस्तक! आरगाऊ प्रांत कधी झाला — १८०३. जिल्हे अकरा. प्रांताचे मंत्री पाच, देशाचे, बर्नला बसणारे, सात. अमिला विचारते, मी कांदा चिरत उत्तरं देते. "आई, झोपेतसुद्धा बडबडतेस तू हे," म्हणाली कार्टी.

मागच्या खेपेलाही सगळं पाठ होतं. परीक्षा पास झाले होते. गावसभेने हात वर करून अर्ज पाडला — एक्केचाळीस विरुद्ध अडतीस. कारण काय, तर "बाई गावात मिसळत नाही." बावीस वर्षं झाली बोस्निया सोडून, याच इमारतीत! अमिलाला गेल्या वर्षी नागरिकत्व मिळालं. आता घरात परकी मी एकटी. या खेपेला नाही म्हणाले तर पुन्हा अर्ज करणार नाही.

११ सप्टेंबर
आज वाचलं — हे आमचं फ्रिकतालचं खोरं आधी ऑस्ट्रियाचं होतं. १८०३ साली आरगाऊला जोडलं. म्हणजे इथली सगळी माणसं परक्याची आपली झाली, तीही एका फटक्यात! यांच्यासाठी कुणी हात वर केले होते? दिवसभर तेच डोक्यात.

१५ सप्टेंबर, रविवार
डोकं फिरलंय माझं! सकाळी सातला तळघरातलं धुण्याचं मशीन घरघरायला लागलं. सहा बिऱ्हाडं, प्रत्येकाचा वार ठरलेला. माझा गुरुवार. रविवारी कुणीही धुवायचं नाही. बावीस वर्षांत एक रुमाल धुतला नाही मी! वरची सेमहार असणार, एरिट्रियाची, गेल्या वर्षी गावातल्याच दुसऱ्या घरातून इथे राहायला आलेली. तीही हेच पुस्तक वाचते म्हणे. वाचून उपयोग काय? चिठ्ठी लिहून झाकणावर चिकटवली — "रविवारी धुणे मना आहे. नियम चौथा. — सेनिहा, दुसरा मजला."

१६ सप्टेंबर
मेले मी! सेमहार नव्हतीच, तिला उगाच बोल लावला. तळमजल्याच्या ब्रोगलेबाई होत्या! नवरा अंथरुणाला खिळलाय, चादरी खराब झाल्या होत्या. जिन्यात अमिलाला सांगत होत्या. सभेत त्यांचा शब्द म्हणजे शब्द. ते "मिसळत नाही"सुद्धा त्यांचंच होतं म्हणतात. सगळं मुसळ केरात!

खरी लाज वेगळीच वाटते. रोज त्याच जिन्याने येते-जाते, आणि खालचा माणूस आजारी आहे हे मला माहीत नाही. बाई खोटं काय बोलल्या?

१९ सप्टेंबर, गुरुवार
पालकाची पिता, आमच्या बोस्नियाची भरली पोळी, भाजली, गरमगरम घेऊन खाली गेले. "माझा गुरुवार तुम्ही घ्या," म्हटलं.
"मग तू कधी धुणार?"
"तुमचं झालं की."
बाईंनी ताट घेतलं. दार लावता लावता म्हणाल्या, "तुझी चिठ्ठी ठेवलीय हं मी."

२२ ऑक्टोबर
परीक्षा पास. पंचेचाळीसपैकी त्रेचाळीस! दर गुरुवारी त्यांच्या चादरी मीच वाळत घालते. चिठ्ठीचं नाव दोघीही काढत नाही.

२९ नोव्हेंबर
सभा झाली. आपल्यावर चर्चा सुरू झाली की अर्जदाराने बाहेर जायचं. कोट टांगायच्या खुंट्यांपाशी उभी राहिले. आतून हशा! वाटलं, संपलं.

अमिला धावत आली. ब्रोगलेबाई उठल्या म्हणे, चष्मा लावला आणि माझी चिठ्ठी मोठ्याने वाचली, नियम चौथ्यासकट. "ही आपल्यातली नाही असं मीच म्हणाले होते. मंडळी, रविवारच्या धुण्यावर चिठ्ठी लावणारी बाई आपल्यातली नाही, तर कुणातली?" मग चादरींचं सांगायला गेल्या, तर रडूच आलं आणि खाली बसल्या. एकाहत्तर विरुद्ध नऊ! मी परक्यांच्या कोटांत तोंड खुपसून रडले.

९ नोव्हेंबर, रविवार
वर्षभराने वही उघडली. पासपोर्ट महिन्यापूर्वी आला. ब्रोगलेबाईंकडच्या चादरी पुन्हा खराब झाल्या, सकाळी सातला मशीन मी लावलं. मी! नऊला खाली गेले तर झाकणावर चिठ्ठी — "रविवारी धुणे मना आहे. नियम चौथा. — सेमहार, तिसरा मजला."

या महिन्याच्या सभेत तिचा अर्ज आहे. चिठ्ठी घडी करून सभेला घालायच्या माझ्या चांगल्या कोटाच्या खिशात ठेवली.